शिंगराचे खूर

घोडा विकत घेण्यास निघालेला मनुष्य काय काय पाहतो, हे एकदा घोड्यांच्या बाजारात उभे राहून पाहण्यासारखे आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा बाजार घ्या, किंवा इकडे पंजाबात मुक्तसरला माघीच्या मेळ्यात भरणारा घ्या. गिऱ्हाइकाची नजर सर्वत्र एकाच वाटेने उतरते. आधी रंग, मग कानांची ठेवण, मग मान, आयाळ, कपाळावरचा टिळा, अंगावरचे शुभाशुभ भोवरे. मग जबडा उघडून दात. मग चाल. पायांची पाळी येते ती सर्वांच्या शेवटी, आणि तीही बहुधा गुडघ्यापाशीच संपते. खूर धुळीत किंवा गवतात बुडालेले असतात, आणि विकणाऱ्याने सकाळीच तेल चोपडून त्यांना काळेभोर केलेले असते. बाजारातला जाणता नालबंद मात्र उलट्या बाजूने पाहू लागतो. तो आधी खाली वाकतो. खूर पसंत पडला, तरच मान वर करून बाकीचा घोडा पाहतो.

ह्या नालबंदाच्या बाजूने आज थोडे बोलावे असा विचार आहे. मी सालोत्री नव्हे. माझे शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए. पर्यंत झाले आणि पुढचे आयुष्य सरकारी फायलींत गेले. परंतु गेली काही वर्षे नोकरीच्या निमित्ताने चंडीगढला राहणे होत आहे, आणि हे शहर शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असल्यामुळे त्याची रेखीव चौकटीची आखणी संपली, की लगेच शेते, दगडगोट्यांचे ओढे आणि घोडी बाळगणारी माणसे भेटू लागतात. शहराचे नाव चंडीदेवीवरून पडले. घोड्याच्या दाण्याला आपण मराठीत चंदी म्हणतो. तेव्हा घोड्यांच्या आहाराविषयी बोलावयास चंडीगढाइतके योग्य गाव नाही, असे मी इथल्या मित्रांना सांगत असतो. ही कोटी त्यांना समजावून द्यावी लागते, आणि समजावून दिलेली कोटी ही कोटी राहत नाही.

मराठी माणसाला ह्या मुलुखाची घोड्यांमुळेच एक जुनी ओळख आहे. १७५८ च्या मार्चमध्ये रघुनाथरावांच्या फौजा सरहिंदला आल्या आणि पुढच्याच महिन्यात लाहोरात शिरल्या. ते सरहिंद येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. दक्षिणेकडे दिल्लीच्या रस्त्याने निघाले, की पानिपत लागते. १७६० च्या नोव्हेंबरपासून १७६१ च्या १४ जानेवारीपर्यंत तेथे जे घडले, त्यात तोफा आणि तलवारी यांच्याइतकाच चाऱ्याचाही वाटा होता. रसद तुटली, जनावरे उपाशी राहिली, आणि लढाईच्या दिवशी स्वाराखाली जो घोडा होता, तो दोन-अडीच महिने खंगत आलेला होता. घोड्याचे बळ आदल्या दिवशी खाऊ घालून दुसऱ्या दिवशी मिळत नाही. खुरांच्या बाबतीत तर हा विलंब फारच लांब असतो, आणि मला जे सांगावयाचे आहे ते ह्या विलंबाविषयीच.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटावर, उभा असतो. खूर हे त्या बोटाचे नख. बाहेरून दिसते ती त्याची भिंत. पाय उचलून पाहिला तर खाली तळवा दिसतो, आणि तळव्याच्या मागल्या भागात रबरासारखा लवचीक असा त्रिकोणी उंचवटा. इंग्रजीत त्याला फ्रॉग, म्हणजे बेडूक, असे चमत्कारिक नाव आहे. मी आपला पाचर म्हणतो, कारण तो भाग टाचेकडून पुढे ठोकलेल्या पाचरीसारखा दिसतो. पाचरीच्या वर, टाचेच्या आत, एक जाड गादी असते. भिंतीच्या आतल्या अंगाला शेकडो नाजूक पापुद्रे असून ते आतल्या हाडाच्या पापुद्र्यांत पुस्तकाची पाने एकमेकांत गुंतवावीत तसे गुंतलेले असतात. साऱ्या घोड्याचे वजन, आणि त्यातले सुमारे साठ टक्के पुढच्या दोन पायांवर, ह्या गुंफणीने तोललेले असते.

भिंत वाढते ती वरून, केस संपून खूर सुरू होतो त्या कडेपासून, खाली. मोठ्या घोड्यात महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर, आणि शिंगरात त्याहून जलद. म्हणजे कडेपाशी आज तयार झालेला भाग पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत पोचावयास नऊ महिने ते वर्ष लागते. टाचेची उंची कमी, म्हणून तेथे ह्याच्या निम्मा काळ पुरतो. आज जमिनीला टेकलेला खूर हा आजचा नव्हेच. तो गेल्या वर्षीचा आहे. गेल्या वर्षीची वैरण, गेल्या वर्षीचा ताप, गेल्या वर्षीचे हाल किंवा लाड त्याच्यात साठवलेले आहेत. भिंतीवर आडव्या वर्तुळाकार रेघा दिसतात त्या ह्याच हिशेबाच्या. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ धरली आणि ठळक रेघ कडेपासून चार सेंटिमीटरांवर असली, तर चार महिन्यांपूर्वी ह्या जनावराचे काही तरी बदलले असे खुशाल समजावे: चारा बदलला असेल, आजार आला असेल, आईचे दूध तुटले असेल. रेघा सर्वत्र सारख्या अंतरावर असल्या तर फारसे भय नाही. पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असल्या, तर मात्र आतल्या पापुद्र्यांना कधी तरी सूज येऊन गेली, असा संशय धरावा लागतो. आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांना हा प्रकार फार भावतो. ज्याच्यावर नोंद आपोआप होते आणि जी मागाहून खोडता येत नाही, अशी दुसरी फाइल मला ठाऊक नाही.

ह्याच कारणाने खुराला गेलेला तडा सांधत नाही. जखम भरते, खूर भरत नाही. वरून चांगला खूर उतरावा आणि फाटलेला खाली सरकत सरकत झिजून जावा, एवढीच वाट आहे. मालकाला घाई असते. तो तेल लावतो, तूप लावतो, डांबर लावतो, बाजारातून डबा आणतो. ह्या लेपांनी खूर चकाकतो आणि ओलावा थोडाफार आटोक्यात राहतो. परंतु मेलेल्या भिंतीला बाहेरून खाऊ घालता येत नाही.

गेल्या वर्षी येथून जवळच्या एका खेड्यात अशी घाई मी जवळून पाहिली. घर एका निवृत्त फौजी शेतकऱ्याचे. त्यांना आम्ही सरदारजीच म्हणतो. त्यांची घरच्या घोडीची दोन वर्षांची वछेरी. शिंगराला पंजाबीत वछेरा-वछेरी म्हणतात. अंगाने सुरेख, पण पुढच्या दोन्ही खुरांना उभे तडे, कडा विस्कटलेल्या, आणि खडीवर पाय ठेवताना अंग चोरणारी. सरदारजींचा बेत असा, की नाल ठोकून तडे आवळावेत, महिनाभर तूप चोळावे आणि माघीच्या मेळ्यात तिला उभी करावी. त्यात त्यांचे खोटे वागावयाचे मनात नव्हते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता, आणि घोडी हीच घरातली विकता येण्याजोगी वस्तू होती. पण लंगडी ठरलेल्या तरुण घोडीला बाजारात किंमत उरत नाही, आणि तिच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे काय होते, हे लग्नाच्या वरातींतून डांबरी रस्त्यावर पाय झाडत चालणाऱ्या घोड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

पशुवैद्य आले. त्यांनी खूर पाहण्यापूर्वी तोबरा पाहिला. वछेरीला रोज दोन वेळा गव्हाचा कोंडा भरपूर, भिजवलेले हरभरे, वर गुळाचा खडा, आणि दिवसभर समोर गव्हाचा भुसा. ह्या घरात जनावराचे लाड होत होते यात शंका नव्हती. आणि दिवसभर ती आगाडी-पिछाडी बांधून आंब्याच्या सावलीत उभी.

कोंड्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण आपल्याकडेही घोड्याला, गाईला कोंडा घालणे हे प्रेमाचे लक्षण समजतात. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे. प्रमाण एकास आठ किंवा त्याहूनही व्यस्त. वाढत्या शिंगराच्या एकूण आहारात हे प्रमाण उलट हवे, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. ते मिळाले नाही, की शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम उसने घेऊ लागते. पूर्वी पिठाच्या गिरण्यांत कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांचे चेहरे सुजल्यासारखे मोठे होत आणि पाय दुखत. युरोपात त्या रोगाला गिरणीवाल्याच्या घोड्यांचा रोग असेच म्हणत. आपला हरभरा प्रथिनांनी चांगला, पण कॅल्शियमच्या बाबतीत तोही हात आखडूनच देतो. जव तसेच, ओट तसेच. ही उणीव भरून काढतात ती द्विदल वैरणी: लसूणघास आणि, पंजाबच्या हिवाळ्यात, बरसीम. म्हणजे दाण्याचे पाप वैरणीने फेडावयाचे. गव्हाच्या भुशात पोट भरण्याखेरीज फारसे काही नाही. हत्तीगवतासारख्या काही गवतांत तर ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते, ते असलेले कॅल्शियमही बांधून टाकते. म्हणून एकट्या तशा गवतावर शिंगरू वाढवू नये.

खूर ज्याचा बनतो ते केरॅटिन प्रथिन गंधकयुक्त अमिनो आम्लांनी मजबूत झालेले असते. गंधकाचे दुवे एका धाग्याला दुसऱ्याशी जखडून ठेवतात. तेव्हा प्रथिन नुसते भरपूर असून भागत नाही, चांगल्या प्रतीचे लागते. आईपासून तोडलेल्या शिंगराच्या आहारात ते शेकडा चौदा ते सोळा असावे, वर्षाच्या पुढे थोडे कमी चालते. त्याच्या जोडीला जस्त आणि तांबे ही दोन खनिजे, जस्त तांब्याच्या तीन-चारपट ह्या बेताने. हे जमवावयास मोठी विद्या लागत नाही. घोड्यांसाठी केलेले खनिज-मिश्रण वैद्याने सांगितलेल्या मापाने द्यावे, चाटावयास मीठ ठेवावे, पाणी स्वच्छ ठेवावे.

बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाचा अलीकडे फार गवगवा होतो. त्याच्यात तथ्य आहे. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध लिपिझानर जातीच्या बेचाळीस घोड्यांवर केलेला प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज वीस मिलिग्रॅम बायोटिन मिळालेल्या घोड्यांच्या खुरांची प्रत सुधारली. पण हा फरक दिसावयास नऊ महिने लागले, आणि खुराची वाढ काही जलद झाली नाही. जे नवीन उतरत होते ते चांगल्या प्रतीचे उतरले, एवढेच. बाजारात डबा घेणाऱ्याला दुकानदार पहिले अर्धे वाक्य सांगतो आणि दुसरे सांगत नाही. दोन महिन्यांनी 'गुण येत नाही' म्हणून डबा बंद होतो, आणि पैसे जातात. ज्याच्या तोबऱ्यात अजून कोंडा आणि गूळच आहे, त्याने तर हा खर्च करूच नये.

ह्या प्रांतातली एक गोष्ट इतरत्रच्या घोडेवाल्यांनीही ऐकून ठेवण्याजोगी आहे. सेलेनियम हे मूलद्रव्य जनावराला अत्यंत अल्प प्रमाणात लागते. कोरड्या वैरणीच्या एका किलोत एक दशांश मिलिग्रॅम असले तरी काम भागते. पुष्कळ देशांत जमिनीत ते कमी पडते, म्हणून परदेशी बनावटीच्या पुरवणी खुराकांत ते घातलेले असते. परंतु पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर ह्या भागांतील काही शेतांत ते उलट अतोनात आहे. शिवालिकमधून पावसाळ्यात धावणारे ओढे, ज्यांना येथे 'चो' म्हणतात, त्यांनी वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळाबरोबर ते शेतात आले, आणि शेतातून वैरणीत. किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या पुढे गेलेली वैरण महिनोन्महिने पोटात गेली, की गाईम्हशींचे केस गळतात, खुरांना वरच्या कडेपाशी आडव्या भेगा पडतात, आणि प्रसंगी खूरच गळून पडतो. घोड्यात आयाळ आणि शेपटी विरळ होते व खुरांची गत तीच. कारण मोठे बोधप्रद आहे. सेलेनियम हे गंधकाचे जवळचे भाऊबंद. केरॅटिन रचले जात असताना ते गंधकाच्या जागी जाऊन बसते, आणि दुवा बसावा तसा बसत नाही. लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी ह्या जमिनींचा अभ्यास केला आहे. असे खूर पाहून एखाद्याने सद्भावनेने सेलेनियमयुक्त खुराक सुरू केला, तर तो विषावर विष घालील. म्हणून आमच्या वैद्यांनी वछेरीच्या वैरणीचा नमुना आधी तपासून घेतला. तो निर्दोष निघाला, पण आठ दिवस सर्वांचा जीव टांगणीला होता.

आहार बदलला तो एकदम नव्हे; घोड्याच्या आतड्यांना दोन आठवडे तरी सवड द्यावी लागते, नाही तर पोटशूळ उठतो. कोंडा मूठभर राहिला. गूळ बंद. भुशाच्या जागी बरसीम, ओटाची हिरवी वैरण आणि वाळवलेला लसूणघास आला. हरभरे कमी झाले, थोडी सोयाबीनची पेंड आली, खनिज-मिश्रण आले. वजन तीनशे किलोच्या आसपास, म्हणून दिवसाला सहा-सात किलो कोरड्या मापाचा आहार, आणि त्यातली बहुतेक वैरणच. दाणा वाढवून शिंगरू लवकर फोफावते, पण ते फोफावणे पायांना झेपत नाही. सांध्यांजवळ सूज येते, टाच उचलली जाऊन खूर उभट होतो. आणि एकाच वेळी फार दाणा पोटात गेला, कोठाराचे दार उघडे राहिले आणि घोडी गव्हात शिरली, तर आतल्या त्या गुंतलेल्या पापुद्र्यांनाच दाह होऊन घोडी कायमची जायबंदी होऊ शकते. कापणीच्या वैशाखात पंजाबच्या घोडेवाल्यांना हे भय असते.

आता व्यायाम. सरदारजींना आहार लवकर पटला. व्यायाम पटावयास वेळ लागला. दुखऱ्या पायाच्या जनावराला चालवावयाचे म्हणजे निर्दयपणा, असे त्यांचे म्हणणे. पण खूर ही नुसती टोपी नव्हे. पाय जमिनीवर टेकला, की टाच किंचित फाकते, पाचर दबते, आतली गादी दबते, आणि त्या दाबाने रक्त वर ढकलले जाते; पाय उचलला, की नवे रक्त खाली येते. प्रत्येक पाऊल म्हणजे पंपाचा एक हिसका. कडेपाशी नवीन भिंत ज्या रक्तावर बनते ते अशा रीतीने खेळते राहते. दिवसभर आगाडी-पिछाडीत उभ्या असलेल्या घोड्याला सोन्याचा घास घातला, तरी तो खुरापर्यंत पोचविणारा हमाल झोपलेला असतो. आणखी असे, की टाचेतली ती गादी जन्मतः मऊ असते आणि पहिल्या काही वर्षांच्या हालचालीनेच ती घट्ट, कूर्चामय होते. अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठातील रॉबर्ट बोकर यांनी ह्या विषयावर पुष्कळ काम केले. वय झालेल्या घोड्यात भिंत सुधारता येते. गादी घडविण्याची संधी तरुणपणीच.

मात्र व्यायाम म्हणजे दमछाक नव्हे. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात शिंगरांचे तीन गट केले होते: एक तबेल्यात बंद, दुसरा तबेल्यात पण रोज जोरात पळविलेला, तिसरा कुरणात मोकळा. सांधे आणि स्नायुबंध यांची घडण कुरणातल्या शिंगरांची उत्तम निघाली. कोंडून ठेवून मध्येच पळविलेल्यांचे पुढे नुकसानच आढळले. ऑस्ट्रेलियातले रानटी घोडे दिवसाला सरासरी सुमारे सोळा किलोमीटर चालतात, आणि सोळा हेक्टरांच्या ऐसपैस आवारातले पाळीव घोडेसुद्धा सात किलोमीटरांच्या आसपास. आपल्याकडे तर ह्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले धनगर मेंढरे घेऊन निघतात तेव्हा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो, आणि त्या घोड्यांची शिंगरे जन्मल्यापासून काही दिवसांतच आईमागून माळरान तुडवू लागतात. तीच भीमथडीची जात. यमुनेच्या पाण्याशी तिचे नाव कवीने जोडले, ते गीत आता आपले राज्यगीत आहे. पण सरकारी दफ्तरात स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद व्हावयास २०२३ साल उजाडले. तिच्या कणखर पायांचे श्रेय रक्ताला किती आणि त्या चालण्याला किती, ह्याचा वाद करीत बसण्यापेक्षा चालणे तरी आपल्या हातात आहे.

झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांचा थर पसरावा, कडेने लोखंडी बंध घालावा म्हणजे ते विखुरणार नाहीत, आणि घोड्याला खरारा करताना त्यावर उभे करावे, असे सुचविले आहे. घोडा पाय हलवीत राहतो आणि खूर घट्ट होतात. चंडीगढच्या आसपास असे दगड विकत आणावे लागत नाहीत. सुखना सरोवर ज्याला अडवून १९५८ मध्ये झाले तो सुखना चो, किंवा पटियाला की राव, अशा ओढ्यांची पात्रे पावसाळ्याखेरीज कोरडी असतात. एका कडेला मऊ वाळू, दुसऱ्या कडेला गोटे. वछेरीचे वेळापत्रक असे ठरले: दिवसभर कुंपण घातलेल्या पडीक शेतात आईबरोबर मोकळी, सकाळी हातात दोरी धरून ओढ्यात फेरी, पहिले पंधरवडे फक्त वाळूत पंधरा मिनिटे, मग हळूहळू गोट्यांकडे, चार महिन्यांनी पाऊण तास. लहान वर्तुळात गरागरा फिरविणे नाही, स्वार नाही, दौड नाही. मोकळी असताना ती आपखुशीने जे उधळेल ते उधळो.

पावसाळ्याचे दोन महिने ही फेरी बंद पडली. ओढे बेभरवशाचे, आणि चिखलात उभ्या राहिलेल्या खुरांत पाचरीच्या खाचांतून काळा, दुर्गंधी लगदा जमतो. उन्हाळ्याच्या लूने ठणठणीत वाळलेला खूर जुलैत एकदम भिजला, पुन्हा वाळला, पुन्हा भिजला, की चांगल्या खुराचेही पापुद्रे सुटतात. त्याला उपाय साधे आणि कंटाळवाणे: उभे राहावयास एक उंच कोरडी जागा, मूत्र साचणार नाही असा उतार, आणि रोज संध्याकाळी आकड्याने खूर साफ करणे. हे शेवटचे काम सरदारजींच्या मुलीने अंगावर घेतले. जिच्या फीसाठी घोडी विकावयाची होती तीच.

नालबंद दर सहा आठवड्यांनी येत असे. तो वृद्ध आहे, आणि आता ह्या भागात त्याच्यासारखे थोडेच उरले आहेत. देशातले घोडे आणि तट्टे २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, २०१९ च्या गणनेत सुमारे तीन लाख चाळीस हजार. जनावरच निम्म्यावर आल्यावर कारागीर कोठून टिकणार? त्याने नाल ठोकावयास साफ नकार दिला. खिळ्यांनी जखडलेली टाच फाकत नाही, आणि वाढत्या पायाला तर सहा आठवड्यांत तो जोडा तोकडा होतो, असे त्याचे सांगणे. त्याने फक्त कानस चालवली: पुढे फेंगडलेली कड मागे घेतली, म्हणजे दर पावलाला तडा उकलणार नाही, टाचा सारख्या केल्या, तळव्याला आणि पाचरीला हात लावला नाही. इतक्या मोजक्या हाताने काम करणारा मनुष्य मी आमच्या कचेरीत तरी पाहिलेला नाही.

तिसऱ्या महिन्यात वरच्या कडेखाली एक पट्टा वेगळा दिसू लागला. वर गुळगुळीत, खाली जुना खडबडीत. मध्ये स्पष्ट सरहद्द. माघीचा मेळा आला आणि गेला. घोडी घरीच राहिली, आणि फीसाठी सरदारजींनी एक म्हैस विकली. सातव्या महिन्यात उजव्या खुराचा तडा नव्या भागात न शिरता थांबलेला दिसला. अकराव्या महिन्यात नालबंदाने त्याचे उरलेले टोक कानशीने काढून टाकले. डावा खूर अजून तितका साफ नाही. हे कशाने झाले, यावर घरात तीन मते आहेत: वैद्य कोंडा सोडल्याला मान देतात, नालबंद आपल्या कानशीला, आणि सरदारजी, सर्वांनी मना केल्यावरही गुपचूप चालू ठेवलेल्या तुपाला. एका जनावरावरून निवाडा होत नसतो, म्हणून मी मध्ये पडत नाही. तुपाचे मत मात्र मला मान्य नाही, आणि ते मी त्यांना सांगितलेले आहे.

पुढच्या हिवाळ्यात ती चौथ्या वर्षात जाईल, तेव्हा हलक्या स्वाराची सुरुवात करावयाची; डांबरी रस्त्यावर रोजचे काम पडले तरच नाल, एरवी नाही. नालबंदाची पुढची फेरी चोवीस तारखेला आहे. त्याच्याबरोबर आता एक पुतण्या येऊ लागला आहे. सध्या तो फक्त पाय धरून उभा राहतो.